चादरीचा चौथा कोपरा

आमच्या चादरीचा लाल रंग मैलभरावरून ओळखू येतो, हे वाक्य मी आजवर किती गिऱ्हाइकांना ऐकवलं असेल, देव जाणे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझी चादरीच्या मागांची छोटी शेड आहे. वडिलांची होती, आता मी बघतो. चादरीच्या बाबतीत मी बढाईखोर आहे, हे घरचे तोंडावर सांगतात आणि बाहेरचे पाठीमागे. त्या बढाईपायी एका चांगल्या माणसाच्या नावाला बट्टा लागला. त्या माणसाला मी अजून पाहिलेलं नाही.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, माढा तालुक्यात सीना नदीच्या काठच्या एका गावात दिलेली आहे. लहानपणी आम्ही दोघं वडिलांच्या हाताखाली चादरींचे गठ्ठे बांधायचो. सुतळीचे वेढे मी द्यायचो, पहिली गाठ मी मारायचो, आणि ती गाठ सैल पडू नये म्हणून तिच्यावर बोट दाबून धरायचं काम अक्काचं. दुसरी गाठ आवळली की तिनं बोट काढायचं. कितीदा तरी मी मुद्दाम तिचं बोट गाठीत अडकवायचो आणि वडिलांचा मार खायचो.

आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायची रीत आहे. अक्काची ही धुणी झाली की मी दरवर्षी माहेरच्या नव्या चादरी घेऊन तिच्याकडे जातो. त्या वर्षी पावसानं उघडीप दिलीच नाही. धुतलेल्या गोधड्या घरभर दोरीवर ओल्याच लोंबत होत्या. मी सहा चादरी प्लॅस्टिकात गुंडाळून नेल्या, आणि परतीचा रस्ता बंद झाला म्हणून मुक्कामाला राहिलो. पहाटे दाजींनी, म्हणजे अक्काच्या नवऱ्यानं, मला हलवून उठवलं तेव्हा पाणी उंबऱ्याला लागलं होतं. उजाडेपर्यंत ते गुडघ्याच्या वर आलं आणि आम्ही चौघं स्लॅबवर गेलो. मी, अक्का, दाजी आणि दाजींची आई. तिला सगळं घर अव्वा म्हणायचं. वय ऐंशीच्या पुढं आणि छातीत जुना दमा. दाजींनी तिला पाठुंगळी घेऊन जिना चढवला.

वरचा मजला पुढं कधीतरी बांधायचा म्हणून स्लॅबच्या कडेनं लोखंडी सळया तशाच उभ्या सोडलेल्या होत्या. कठडा नव्हता. मधोमध पाण्याची काळी टाकी, एका अंगाला निंबाचं झाड आणि त्याला लागून विजेच्या तारा. दुसरं काही सुचेना म्हणून मी स्लॅब पावलांनी मोजला. लांबी एकोणीस पावलं, रुंदी अकरा. सगळीकडून लालसर गढूळ पाणी वाहत होतं आणि त्यात लोकांचे संसार चालले होते. शेजारच्या गोठ्याच्या पत्र्यावर दोन शेळ्या चढून बसल्या होत्या. त्या ओरडायच्या थांबल्या की फक्त अव्वाचा श्वास ऐकू यायचा. बासरीच्या फुटक्या भोकातून हवा जावी तसा. मी तिला टाकीच्या आडोशाला बसवून नव्या चादरीत गुंडाळलं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं आणि पळायला एकोणीस पावलं होती.

नऊच्या सुमाराला हेलिकॉप्टरचा आवाज आला. लष्कराचं होतं. नदीपलीकडच्या वस्तीवर ते दोनदा घिरट्या घालून गेलं. त्यांना आपण दिसत नाही, अशी माझी खात्री झाली आणि लगेच डोक्यात आलं, लाल चादर. मी प्लॅस्टिक फाडलं आणि सगळ्यांत भडक चादर काढून स्लॅबवर अंथरली. अक्का म्हणाली, कोपऱ्यांवर विटा ठेव, चारी. स्लॅबवर विटा तीनच निघाल्या. तीन कोपऱ्यांवर त्या ठेवल्या आणि चौथा कोपरा मी हातात धरून हलवायला लागलो.

हेलिकॉप्टर आमच्याकडे वळलं तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू. दिसला की नाही आमचा लाल, असं मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा. ते जवळ आलं, डोक्यावर येऊन उभं राहायच्या बेतात आलं, आणि त्याच्या पंख्याचा वारा खाली आदळला. असा वारा मी जन्मात अनुभवला नव्हता. अक्का अव्वाच्या अंगावर पालथी पडली. मी मात्र कोपरा सोडला नाही, उलट आणखी उचलला. त्या उचललेल्या कोपऱ्याखाली वारा शिरला. विटा घरंगळल्या, चादर माझ्या हातातून हिसकावली गेली आणि स्लॅबवर आपटून उलटलेल्या वाऱ्याबरोबर सरळ वर चढली. हेलिकॉप्टरच्या शेपटीच्या अंगाला गेलेली मी तिला माझ्या डोळ्यांनी पाहिली. हेलिकॉप्टर एकदम कलंडल्यासारखं झालं, बाजूला सरलं, सावरलं आणि नदी ओलांडून निघून गेलं. चादर पाण्यात पडली आणि वाहून गेली.

दाजी तेव्हा पाणी किती चढलं ते बघायला जिन्यात उतरले होते. निदान मला तसं वाटलं. ते वर आले आणि हेलिकॉप्टर लांब गेलेलं पाहून त्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, गेलं. एवढंच म्हणालो.

त्यानंतर सहा तास गेले. ते तास मी लिहू शकत नाही, म्हणजे लिहायला गेलो तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहावी लागेल. पाणी जिन्याची एकेक पायरी खात होतं आणि अव्वाचा श्वास लहान होत चालला होता. दाजी आईची छाती चोळत त्या वैमानिकाला शिव्या घालत होते. भ्याला आन् पळाला, म्हणत होते. मी मान हलवली. शब्दानं नाही, नुसत्या मानेनं मी त्या माणसाला पळपुटा ठरवलं.

तीनला दुसरं हेलिकॉप्टर आलं. ते इकडं तिकडं न फिरता थेट आमच्यावर आलं, निंबाच्या झाडाची बाजू सोडून उलट अंगानं. दोरावरून एक जवान उतरला. उतरल्या उतरल्या त्यानं आधी आमच्या अंगावरच्या, खालच्या, टाकीवरच्या सगळ्या चादरी गोळा केल्या आणि पायानं जिन्यात ढकलून दिल्या. मग अव्वाला पट्ट्यात बसवलं. वर ते धूड एका जागी असं स्थिर उभं होतं की जणू छताला खिळ्यानं ठोकलंय. वारा बाजूनं झोडपत होता, खाली सळया, पलीकडं विजेच्या तारा, तरी ते वीतभरसुद्धा हललं नाही. एकेक करून चौघांना उचललं. मी शेवटचा. वर ओढला जाताना मी स्लॅबकडे बघितलं. त्यावर तीन विटा पडल्या होत्या.

अव्वा चौथ्या दिवशी सोलापुरात, दवाखान्यातच वारली. ते सहा तास वाचले असते तर ती वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारायची छातीच झाली नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दाजी तीच हकिकत सांगायचे. सकाळचा पळाला, दुपारचा देवासारखा आला. गावानं ती उचलली, गावाकडून ती तालुक्याला गेली, मोबाइलवर फिरली. मला तर माझ्याच शेडमध्ये, माझ्याच कामगारानं ती ऐकवली. मागांच्या खडखडाटात मोठ्यानं बोलायची आम्हाला सवय असते. तो ओरडून सांगत होता आणि मी ओरडून म्हणत होतो, व्हय का? त्या दिवशी मला स्वतःची शिसारी आली. पण बोललो असतो तर अक्काच्या घरात पाऊल कसं टाकलं असतं? तिच्या सासूच्या मरणाला मी कारण झालो, हे वाक्य मी आंघोळ करताना, गाडी चालवताना मनात शंभरदा जुळवलं. दर वेळी ते घशापर्यंत यायचं आणि तिथंच बसायचं.

पूर ओसरल्यावर काही महिन्यांनी आमच्या व्यापारी मित्रमंडळींनी हेलिकॉप्टरच्या वैमानिकांचा सत्कार करायचं ठरवलं. रीतसर पत्र गेलं, वरून परवानगी आली आणि दोन वैमानिकांची नावं आली. सोलापुरात सत्कार म्हणजे चादर आलीच. मधोमध हेलिकॉप्टर विणलेली खास चादर करायचं काम माझ्याकडे आलं. आधी दोन सांगितल्या होत्या. आठवड्यानं निरोप आला, एकच करा. पूरग्रस्तांच्या वतीनं दाजींना बोलावलं होतं आणि दाजींनी सांगून टाकलं होतं, सकाळच्याला हार घालणार असाल तर आमचं कुणी येणार नाही. मंडळींनी वाद नको म्हणून सकाळच्या वैमानिकाचं नाव गाळलं.

मी दोन चादरी विणल्या. पहिल्या नमुन्यात हेलिकॉप्टर नाकतोड्यासारखं दिसायला लागलं. आमचा जुना तेलुगू विणकर पोट धरून हसला आणि म्हणाला, सेठ, हे उडणार नाही, गवत खाणार. डिझाइन पुन्हा आखलं, मागावर नक्षी उठवणारे भोकाभोकांचे पुठ्ठे पुन्हा पाडून घेतले. दुसऱ्या खेपेला ते जमलं. जांभळ्या जमिनीवर पांढरं हेलिकॉप्टर, खालून सुटलेला दोर. लाल सूत मी त्यात घातलं नाही. दुसरी चादर विणून झाली तेव्हा ती कुणाला देणार, हे मला ठाऊक नव्हतं. पण एकच विणली असती तर त्या माणसाला दुसऱ्यांदा पळपुटा म्हटल्यासारखं झालं असतं.

सत्काराच्या चार दिवस आधी मी गावी गेलो. दाजी रानात होते. पुरानं आणून टाकलेला गाळ अजून बांधावर साचलेला होता. बसायला जागा नव्हती, म्हणून उभ्या उभ्याच मी त्यांना सांगितलं. चादर मी उचलली, ती वर गेली, म्हणून तो माघारी फिरला. पळाला नाही.

दाजी खुरप्यानं पायताणाचा चिखल काढत होते. ते काढतच राहिले.

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "जिन्याच्या तोंडातनं बगत हुतो की मी."

मग त्या वैमानिकाला का बोलता, मी विचारलं.

"मग कुनाला बोलू? तुला बोललो तर येनं-जानं बंद. तुज्या अक्काला माहेर उरंल का? त्यो पायलट काय आपल्या दारात येनार न्हाय. त्येच्यावर घातलं की घर शाबूत ऱ्हातंय." मग खुरपं गाळात रोवून म्हणाले, "माजी आय गेली रं. कुनावर तरी घालायचं हुतंच."

ते पुढं एवढंच बोलले की अक्का तेव्हा अव्वावर पालथी होती, तिला यातलं काही ठाऊक नाही आणि तिला कळू द्यायचं नाही. तिनं सासूचं आईसारखं केलंय, ती हे सोसायची नाही. मी शब्द दिला. गेलो होतो मोकळा व्हायला आणि परत आलो ते तोंडाला दुहेरी कुलूप लावून. आधी मी एकटाच गप्प होतो, आता आम्ही दोघं संगनमतानं गप्प होतो. त्यात माझ्या बहिणीची माया पुढं केलेली. चिडायचं तरी कुणावर?

सत्कार सकाळी अकराला होता. मला व्यासपीठावर बसवलं होतं, कडेच्या खुर्चीत, भिंत आणि मोठ्या समईच्या मधे. उठायचं म्हटलं तर सहा मान्यवरांच्या पायांवरून जावं लागलं असतं. पायाशी पिशवीत दुसरी चादर होती. समोर पहिल्या रांगेत दाजी आणि बायकांच्या बाजूला अक्का. मान्यवर एकामागून एक बोलले. एकानं तर स्वतःच्या पहिल्या विमानप्रवासाचं साग्रसंगीत वर्णन केलं. दुपारचा वैमानिक तिशीचा, सडपातळ, शांत मुलगा होता. फेटा डोळ्यांवर येत होता, तो हळूच वर सारत बसला होता.

त्याची पाळी आली तेव्हा तो हिंदीत बोलला, फार तर पाच मिनिटं. म्हणाला, तुम्ही माझं कौतुक करता, पण त्या छताचा रस्ता मला माझ्या वरिष्ठांनी सांगितला. सकाळी तेच गेले होते. खालून एक कापड उडून आलं. ते शेपटीच्या पंख्यात अडकलं असतं तर आम्ही आणि छतावरचे, कुणीच उरलं नसतं. त्या क्षणाला माघार घेणं ही त्यांची सगळ्यांत अवघड कामगिरी होती. तेवढ्या वेळात त्यांनी टाकीजवळची आजी पाहून ठेवली, सळया पाहिल्या, निंबाकडच्या तारा पाहिल्या. त्यांचं हेलिकॉप्टर तपासणीसाठी जमिनीवर अडकलं, म्हणून दुसरं मिळेपर्यंत वेळ गेला. मला पाठवताना ते एकच सांगत होते, उलट बाजूनं जा आणि आधी कापडं हलवायला लाव. मग म्हणाला, निमंत्रणपत्रिकेत त्यांचं नाव दिसलं नाही. तेवढं सांगायलाच मी आलो.

कापड कुणाचं, हे त्यानं विचारलं नाही. दाजी मांडीवरच्या टोपीकडे बघत होते. मी समईच्या ज्योतीकडे बघत होतो. अक्काकडे बघायचं धाडस मी केलं नाही.

निवेदकानं घाईघाईनं पुढचा कार्यक्रम पुकारला. पूरग्रस्त भगिनीच्या हस्ते औक्षण. अक्का पदर सावरत वर आली. तिनं कुंकू लावलं, ओवाळलं, अक्षता टाकल्या. ताट खाली ठेवलं. मग खाली उतरायची सोडून ती तशीच उभी राहिली. ती त्या मुलालाच सांगत होती, पण ध्वनिक्षेपक जवळ होता आणि तिचा आवाज सभागृहभर गेला.

"सकाळच्या सायबास्नी सांगा," ती म्हणाली, "चादर आमची हुती."

माझी नाही, आमची. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे लोकांना समजेना. मी उठलो. सहा मान्यवरांच्या पायांवरून, एकाच्या पायावर पाय देऊन, पिशवी घेऊन मधोमध गेलो आणि माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. ती चादर मी हातात धरली होती, मी सोडली नाही, दोष माझा. ते पळाले नाहीत आणि इतके महिने मी हे कुणाला सांगितलं नाही. कसं बोललो ते आठवत नाही. खाली दाजी उभे राहिले होते, एवढं आठवतंय. त्यांनी डोक्यावर टोपी घातली आणि दोन्ही हात जोडले, वैमानिकाकडे बघून.

मी पिशवीतून दुसरी चादर काढली. ही त्यांची, म्हटलं. त्या मुलानं ती उलगडून पाहिली, दोरावर बोट फिरवलं आणि जरासा हसला. म्हणाला, पोहोचवतो, पण नीट बांधून द्या. आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. मला हसू आलं नाही.

सुतळी हारांच्या टोपलीत मिळाली. मी व्यासपीठाच्या मागं खाली बसून चादरीची घडी घातली आणि वेढे द्यायला लागलो. पहिली गाठ सारखी सुटत होती. अक्का येऊन समोर बसली.

तुला कधी कळलं, मी विचारलं.

"तवाच. विटा तीनच हुत्या की. चवथा कोपरा कुनाच्या हातात हुता?"

मी म्हणालो, दाजी तर मला म्हणाले होते, तुला यातलं काही ठाऊक नाही म्हणून. मग तू एवढे महिने बोलली का नाहीस?

"तू सांगशील म्हनून वाट बगत हुते," ती म्हणाली.

मी चौथ्यांदा गाठ मारली. अक्कानं हात पुढं केला आणि गाठीवर बोट दाबून धरलं.